धर्मानंदांचे ‘निवेदन’ : शिष्यत्वाची साक्ष

आशियातील राष्ट्रांमध्ये विद्यार्थ्यांची देवाणघेवाण वाढली की परस्परांविषयीची समज आपोआप वाढेल, असे परिषदांच्या व्यासपीठांवरून नेहमी सांगितले जाते. या गृहीतकाची कसोटी पाहण्यास धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्राइतका उपयुक्त मराठी ग्रंथ आम्हांस दुसरा दिसत नाही.

गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ व बोधगया असा प्रवास करून १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचले. बुद्धाच्या भूमीत जो गुरू मिळाला नाही, तो कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या रूपाने त्यांना लाभला. त्यांच्या पाठीशी ना शासन होते, ना शिष्यवृत्ती.

ग्रंथाचे सामर्थ्य असे की लेखक स्वतःस कोठेही आशियाई ऐक्याचा दूत म्हणून मिरवीत नाही. अनोळखी भाषा, प्रकृतीस न मानवणारे अन्न आणि विनयाची शिस्त यांतून तो शिष्य म्हणून घडत जातो. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी उपसंपदा घेतली. या शिष्यत्वाचे फळ म्हणजे १९४० साली मुंबईहून प्रसिद्ध झालेली ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांच्या हाताखाली तयार झालेले पु. वि. बापट यांच्यासारखे पालिपंडित. कोलंबोत मिळालेली विद्या अशी पुण्यात रुजली.

तथापि ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. धर्मानंद जे शोधावयास गेले ते भारताचे हरवलेले धन होते. त्यामुळे ते धन शतकानुशतके सांभाळणारा समाज त्या मानाने पार्श्वभूमीस राहतो. त्या समाजाची सुखदुःखे आणि या परदेशी विद्यार्थ्याविषयी त्याला काय वाटले, हे वाचकास पुरेसे कळत नाही. येथे चिनी भिक्खू इत्सिंगचे स्मरण होते. ६७१ साली निघालेल्या या विद्यार्थ्याने वाटेत श्रीविजयात सहा महिने राहून संस्कृत व्याकरण अभ्यासले आणि नंतर सुमारे दहा वर्षे नालंदेत काढली. त्याने यजमानांचे भोजन, स्नान, दंतधावनदेखील नोंदविले. त्याची दृष्टी ग्रंथांइतकीच माणसांवर होती.

हा केवळ वाङ्मयीन आक्षेप नव्हे. आज आम्ही यजमान आहोत. नव नालंदा महाविहारात किंवा पुण्याच्या विद्यापीठात थायलंड, म्यानमार अशा देशांतील विद्यार्थी पालि शिकण्यास येतात. आम्ही त्यांना अजिंठा दाखवितो, समारंभात पुष्पगुच्छ देतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. त्यांच्या लिपीतील त्रिपिटक वाचावयास आम्ही त्यांच्याकडून शिकतो काय? नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेमागील सामाजिक वेदना आम्ही त्यांना समजावून सांगतो काय? त्यांच्या देशांतील जन्मजात बौद्धास ती ऐकल्याविना कशी कळावी? आणि त्यांच्या विहारजीवनातील अडचणी आम्ही न विचारता आम्हांस कशा कळाव्यात?

विद्यार्थी सीमा ओलांडतो तेव्हा देवाणघेवाणीचा केवळ आरंभ होतो. दोन्ही बाजू एकमेकांच्या शिष्य झाल्या, तरच ती पूर्ण होते. धर्मानंदांनी आपला अर्धा वाटा प्रामाणिकपणे उचलला. उरलेला अर्धा आमच्याकडे आहे. ‘निवेदन’ पुन्हा वाचावे, ते एवढ्यासाठी.