लग्नचौकातली नक्षी

फ्रान्स हाल्सचं १६२२ च्या सुमाराचं लग्नचित्र आपण आत्ता पाहिलं. आयझॅक मासा आणि बेआट्रिक्स झाडाखाली हसत बसलेत. तिच्या पायाशी आयव्हीची वेल, म्हणजे निष्ठा. पण वेल हातानं झाकली तरी जोडपं उरतंच.

आता जव्हार-मोखाड्याच्या वारली घरातला लग्नचौक घ्या. सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर तो ‘लिहितात’ (हो, लिहितातच म्हणतात), धवलेरी गाते. नवरानवरीचे चेहरे रंगवायचे नसतातच. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. ही नक्षी आम्ही सजावट मानत नाही; ती देवीला बसायला आखलेली जागा आहे. पिशव्यांवर, कपांवर देवी गाळून नुसती चौकट छापतात, तेव्हा चित्रातलं लग्नच गळतं.