खंजिरी आणि ओवी : तुकडोजी महाराजांच्या गीतरचनेचे स्वरूप

तुकडोजी महाराजांविषयीचे (१९०९–१९६८) लेखन बहुतांशी चरित्रपर वा गौरवपर राहिले आहे. ‘राष्ट्रसंत’ या बिरुदाने त्यांच्यातील गीतकार-गायक जवळजवळ झाकला गेला. त्यांच्या पदांचा साहित्यकृती म्हणून विचार होतो तेव्हाही तो छापील संहितेपुरता राहतो, आणि मग ही पदे पुनरुक्त, रूढ प्रतिमांची, क्वचित विरळ वाटतात. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. मात्र तो डोळ्याने वाचणाऱ्याचा आक्षेप आहे.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात हे अधिक स्पष्ट होते. १९३६ मध्ये ते शेगावला (पुढचे सेवाग्राम) गांधीजींच्या सहवासात राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातील आष्टी आणि शेजारच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला, आणि त्या वर्षी त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. भजनांनी उठाव घडविला, हे विधान स्मरणपर लेखनात सहज केले जाते. केवळ शब्दांवरून ते सिद्ध होणार नाही. सिद्धता शोधायचीच तर ती प्रयोगात शोधावी लागेल.

खंजिरी एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायची असल्याने गायक स्वतःच तालाचा धनी असतो. तो थांबतो, बोलतो, लय वाढवतो, आणि ध्रुपद समुदायाच्या हाती सोपवतो. पुनरुक्ती ही येथे श्रोत्याच्या प्रवेशाची जागा होय. मराठीबरोबर हिंदीतही झालेली रचना याच दृष्टीने पाहावी. मध्यप्रांत-वऱ्हाड हा द्विभाषिक प्रांत होता आणि तेथील श्रोतृवर्गही तसाच होता.

‘ग्रामगीता’ (१९५५) या ४१ अध्यायांच्या ग्रंथात ही जागा नाहीशी होते. ओवीला ध्रुपद नाही. गाणारा आता सांगणारा होतो. स्वच्छतेपासून शिक्षणापर्यंत सारे सांगतो, आणि कित्येक ठिकाणी काव्य नियमावलीच्या पातळीवर उतरते, हे मान्य करावे लागेल. तथापि अनेक ठिकाणी श्रोत्याचा प्रश्न मध्येच उभा राहतो आणि निरूपण त्याला उत्तर म्हणून पुढे सरकते. संवादाचा हा संकेत जुनाच, ज्ञानेश्वरीपासूनचा. पण खंजिरीवर आयुष्य घालविलेल्या रचनाकाराकडे तो केवळ परंपरेने आला, असे मानणे कठीण आहे. ध्रुपदाच्या रिकाम्या जागी येथे प्रश्न येऊन बसला आहे. फरक इतकाच, की ध्रुपद समुदाय स्वतः म्हणत असे. हा प्रश्न मात्र कवीनेच त्याच्या तोंडी घातलेला आहे.