बांधलेला आणि बांधील

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, ज्या कर्जाचा दावाच लावता येत नाही, त्याला कर्ज म्हणायचं कशाला?" त्या दिवशी मी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचं देणं फेडतो.

आधी एक घरची गोष्ट. वडील गेले तेव्हा मी नुकताच तत्त्वज्ञान शिकवायला लागलो होतो. दिवसकार्य झाल्यावर गावातले किराणा दुकानदार चोपडी घेऊन आले. उधारी तीनशे चाळीस रुपयांची आणि शेवटची नोंद पाच वर्षांपूर्वीची. मी वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, "तीन वर्षांची मुदत केव्हाच संपली. शिवाय कर्ज वडिलांचं, तुझं नाही. वारसाने द्यायचं ते फार तर हाती आलेल्या इस्टेटीपुरतं." मी ते आईला अगदी मुद्देसूद समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण साखर आपण खाल्ली होती ना?"

माझ्याकडे कायदा होता, तिच्याकडे प्रश्न. पुढची चाळीस वर्षं मी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा आहे.

आता मूळ विषय. रोमन परंपरेतल्या दिवाणी कायद्यात दायित्वांचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. उगमानुसार पाहिलं तर जस्टिनियनच्या 533 सालच्या पाठ्यग्रंथात चार प्रकार येतात: करारातून आलेलं, करारासारख्या परिस्थितीतून आलेलं, अपकृत्यातून आलेलं आणि अपकृत्यासारख्या परिस्थितीतून आलेलं. पण परिणामाच्या अंगाने दुसरी एक विभागणी आहे आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. एक नागरी दायित्व: पाळलं नाही तर कोर्ट पाळायला लावतं. दुसरं नैसर्गिक दायित्व: त्यावर दावा चालत नाही, पण एकदा स्वखुशीने फेडलंत की "चुकून दिले, परत द्या" असं म्हणता येत नाही. फ्रान्सच्या 1804 च्या संहितेने हाच नियम घेतला.

पाठ्यपुस्तकं या दुसऱ्या प्रकाराला "अपूर्ण दायित्व" म्हणतात. माझा आक्षेप या विशेषणावर आहे. अपूर्ण म्हणजे कशाच्या तुलनेत? सक्तीच्या. म्हणजे दायित्वाचा गाभा सक्ती हाच, असं आधीच गृहीत धरलेलं आहे. जस्टिनियनच्या व्याख्येतही ऋणको कायद्याच्या बंधाने जखडलेला दिसतो. अमेरिकन न्यायमूर्ती होम्स यांनी 1897 मधल्या व्याख्यानात हीच दिशा टोकाला नेली: करार पाळण्याचं कर्तव्य म्हणजे न पाळल्यास भरपाई द्यावी लागेल एवढं भाकीत. मग आमच्या दुकानदाराच्या बाबतीत भाकीत शून्य, म्हणून कर्तव्यही शून्य!

हार्ट यांनी 1961 साली याला चोख उत्तर दिलं. बंदूक रोखून कोणी पैसे मागितले तर द्यावे लागतात, पण देणं "लागत" नाही. आपल्या मराठीत हा भेद आधीपासून आहे बघा. बांधलेला माणूस वेगळा, बांधील माणूस वेगळा. दोर सोडला की पहिला मोकळा होतो, दुसरा होत नाही.

रोमन कायद्यातलंच उदाहरण घ्या. गुलामाला कायद्याने व्यक्ती मानलेलं नव्हतं. त्याच्यावर दावा चालत नसे. तरीही त्याने केलेला व्यवहार नैसर्गिक दायित्व निर्माण करी, आणि मुक्त झाल्यावर त्याने ते फेडलं तर ती फेड खरी धरली जाई. ज्याला माणूस म्हणायला कायदा तयार नव्हता, त्याचा शब्द मात्र कायद्याला नाकारता आला नाही. कांटने 1797 मध्ये कर्तव्यांची दोन दालनं केली: बाहेरून सक्ती करता येते ती कायद्याची, येत नाही ती सद्गुणाची. हे नैसर्गिक दायित्व दोन्ही दालनांच्या उंबरठ्यावर बसलेलं आहे.

आपल्याकडे काय? भारतीय कायद्यात या नावाचा स्वतंत्र प्रकार नाही, पण त्याचे परिणाम आहेत. कामगारांच्या थकलेल्या वेतनाचा प्रश्न असलेल्या बॉम्बे डाईंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये हे तत्त्व मांडलं की मुदत संपल्याने वसुलीचा उपाय जातो, ऋण जात नाही. 1872 च्या करार अधिनियमाचं कलम 25 सांगतं की मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन पुन्हा बंधनकारक होतं. आणि कलम 60 तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं: तुमची अनेक देणी असताना रक्कम कोणत्या कर्जापोटी ते स्पष्ट केलं नाहीत, तर धनको ती मुदतबाह्य कर्जाकडेही वळवू शकतो.

इथपर्यंत मी आईच्या बाजूने बोललो. आता स्वतःच्याच विरुद्ध बोलतो, नाहीतर हे प्रवचन होईल.

ब्रिटिशांच्या 1859 च्या मुदत कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा त्यामागचा एक हेतू. दख्खनमध्ये घडलं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी कुणब्याकडून नवा रोखा लिहून घेऊ लागले. थकलेलं व्याज मुद्दल बनायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. "घेतलं आहेस ना? मग कर अंगठा." आईचाच प्रश्न, सावकाराच्या तोंडी! शेवटी 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथे दंगल उसळली, आणि लोकांनी वह्या नि रोखे जाळले.

म्हणजे नैसर्गिक दायित्वाचं सामर्थ्य आणि धोका एकाच ठिकाणी आहे. ते स्वखुशीवर उभं आहे, आणि ती स्वखुशी पिळून काढता येते. म्हणून माझी दुसरी टीका कायद्यावरच आहे. आजच्या जर्मन संहितेचं कलम 214 म्हणतं की मुदत संपल्याचं माहीत नसताना फेडलेली रक्कमही परत मागता येत नाही. व्यवहाराच्या निश्चितीसाठी हे सोयीचं असेल, पण तत्त्व म्हणून मला ते पटत नाही. मोकळा आहे हेच ज्याला ठाऊक नव्हतं, त्याने स्वखुशीने दिलं असं कसं म्हणणार? फेड अंतिम मानायची, तर देणाऱ्याला नकाराचा हक्क ठाऊक होता का, हे आधी विचारलं पाहिजे. वसुलीवाल्याच्या फोनने घाबरून जुन्या कर्जाची कबुली लिहून देणाऱ्यालाही हेच लागू. तो बांधला गेला. बांधील झाला नाही.

म्हणून मुदतीचा कायदा हवाच. धनकोच्या हातातला दोर तो काढून घेतो, आणि मगच कळतं की कोण बांधील होतं.

आईने दोन हप्त्यांत पैसे दिले. तिला हे तत्त्वज्ञान माहीत नव्हतं, पण नाही म्हणता येतं हे माहीत होतं; मीच ते मुद्देसूद सांगितलं होतं. माझ्या त्या सगळ्या युक्तिवादाचा उपयोग एवढाच झाला की तिची फेड खऱ्या अर्थाने स्वखुशीची ठरली. दुकानदारांनी चोपडीत "जमा" लिहिलं, मुदतीतल्या पैशाला लिहितात तसंच.

आता प्रश्न घेऊ या.