सुटी खुर्ची

बागेची परीक्षा झाडांवरून करावी, की तेथे बसणाऱ्या माणसांवरून? न्यूयॉर्कच्या ऐन मध्यवस्तीतील ब्रायंट पार्क याचे उत्तर देते. सार्वजनिक ग्रंथालयामागची ही जुनी बाग १९३४ साली नव्याने रचली गेली. ती रस्त्याहून उंच झाली, लोखंडी कुंपण व दाट झुडपांआड गेली. आराखडा देखणा, पण आतले बाहेर दिसेना. १९७० नंतर तेथे मादक द्रव्ये विकणारे ठाण मांडून बसले. विल्यम व्हाइट या निरीक्षकाने दोष दिला तो त्या आडोशाला!

१९८८ साली बंद झालेली बाग १९९२ मध्ये पुन्हा उघडली. झुडपे गेली, प्रवेशवाटा रुंदावल्या, आणि सुट्या खुर्च्या आल्या. हवी तेथे उचलून न्यावी, सावलीत बसावे. मला या रचनेचे मर्म त्या खुर्चीतच दिसते. ती माणसावर विश्वास टाकते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. बाग खाजगी संस्था चालवते. हिवाळ्यात दुकाने मांडली जातात, हिरवळीच्या जागी बर्फावर घसरण्याचे मैदान होते. मग स्वस्थ बसणाऱ्यापेक्षा गिऱ्हाईक मोठे ठरते. वाचकहो, आपल्या गावची बाग नव्याने सजेल, तेव्हा कारंज्याआधी एवढेच विचारा: येथे रिकाम्या खिशाने बसता येईल ना?