यमक म्हणजे युक्तिवाद नव्हे

'घरात नाही पीठ, कशाला हवे विद्यापीठ?' नामांतराच्या विरोधात मराठवाड्यात गाजलेली ही घोषणा मी आज एक संहिता म्हणून तपासू इच्छितो.

तिच्यातले पहिले विधान खरे आहे. भूमिहीन दलिताच्या घरात पीठ नव्हते. पण ते का नव्हते, जमीन कोणाकडे होती, मजुरी कोण ठरवीत होते, हे ती विचारीत नाही. पीठ आणि विद्यापीठ यांचे यमक जुळवून त्यालाच ती युक्तिवाद म्हणून पुढे करते. उपाशी माणसाने ज्ञानावर हक्क सांगू नये, हा जुनाच धर्मशास्त्री निवाडा कळवळ्याच्या वेषात आला, एवढेच. ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या त्यांना 'विद्यापीठ कशाला?' असे कोणी विचारले नाही.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. पदवीची किंमत जाईल, मराठवाड्याची अस्मिता पुसली जाईल, असा प्रचार झाला. बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादला १९५० साली महाविद्यालय काढले आणि विद्यापीठ आले ते १९५८ साली, या वस्तुस्थितीला त्या प्रचारात जागा नव्हती. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. नावात मराठवाडा राहिला, पदव्याही रद्दी झाल्या नाहीत. भाकिते खोटी ठरली. ती करणाऱ्यांनी वस्त्यावस्त्यांत येऊन चूक कबूल केल्याचे मात्र मी ऐकलेले नाही.

म्हणून विरोधकाचे दोष सांगूच नयेत काय? तसे मुळीच नव्हे. काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, हे सांगणारा बाबासाहेबांचा १९४५ चा ग्रंथ म्हणजे जहाल हल्लाच आहे. पण त्यात १९३७ च्या निवडणुकीचे आकडे आहेत, ठराव आहेत, पत्रव्यवहार आहे. वाचकाला तो ताडून पाहता येतो. टीका आणि निंदा यांतील भेद शब्दांच्या धारेत नसून पुराव्यात असतो.

हा निकष आपल्यालाही लागू आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत संविधान बदलण्याची भीती निराधार नव्हती. सत्ताधारी पक्षाच्या कर्नाटकातील एका खासदाराने संविधान बदलण्यासाठी मोठे बहुमत मागितले होते. पण लातूरकडच्या एका वस्तीत मी बोलण्याच्या भरात म्हणालो, "निकाल लागला की आरक्षण गेलेच समजा!" टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर ऊसतोडीला जाणारी एक बाई जवळ आली. म्हणाली, "गुरुजी, हे कुठं लिहिलंय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. धोका खरा होता, खात्री मी पदरची घातली होती. खोटे आपल्या सोयीचे असले तरी ते आपल्या माणसाला अडाणीच समजते. 'पीठ-विद्यापीठ' म्हणणाऱ्यांनीही आपल्याला तसेच समजले होते.

त्या बाईने माझी सभा वाचून दाखवली, असे मी मानतो. आता बोलण्याआधी कागद खिशात ठेवतो. टाळ्या थोड्या कमी पडतात. पडोत.