पोंभुर्ण्याच्या मंडपात आयनेस्को

फ्रेंच नाटककार युजीन आयनेस्कोच्या ‘ले शेझ’चा, म्हणजे ‘खुर्च्यां’चा, पहिला प्रयोग २२ एप्रिल १९५२ रोजी पॅरिसच्या थिएटर लँक्रीत झाला. रंगमंचावर खुर्च्या वाढत गेल्या आणि प्रेक्षागृहातल्या मात्र बऱ्याच रिकाम्या राहिल्या. १९५४ मध्ये गालिमार प्रकाशनाने आयनेस्कोच्या नाटकांचा पहिला खंड काढला, त्यात ही संहिता आली. १९५६ मध्ये दिग्दर्शक जॅक मोक्लेरने नाटक पुन्हा उभं केलं तेव्हा कुठे पॅरिसकरांना ते पटलं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात प्रयोग, १९५८ मध्ये डोनाल्ड अ‍ॅलनचा इंग्रजी अनुवाद; जगभर नाव व्हायला मग वेळ लागला नाही.

मराठीत हे नाटक ‘खुर्च्या’ म्हणून आणलं विजया मेहतांनी, ‘रंगायन’मधून. १९६० मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेचा प्रेक्षक मोजका, मुंबईतला, वाचणारा. नाटकाचा आदर झाला, अभ्यास झाला. पण फ्रेंच वळणाचं हे नाट्य मराठीच्या अंगी लागलं ते अनुवादातून नव्हे, असं माझं मत आहे. १९७४ मध्ये सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाणा’त मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तनाला उभा राहिला, तेव्हा ते खरं आपलं झालं. प्रेक्षकाला कीर्तन ठाऊक होतं, म्हणून त्यातला विक्षिप्तपणा त्याला परका वाटला नाही.

आता पोंभुर्णा. चंद्रपूर जिल्ह्यातला धानाचा, जंगलाचा तालुका. इथे नाटकाचा दुष्काळ आहे असं कोणी म्हणू नये. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली की पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांकडे गावची मंडळं बुकिंग करतात, मैदानात मंडप पडतो, तिकिटं खपतात आणि माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईच्या प्रायोगिकांना हेवा वाटावा असा हा प्रेक्षक. मात्र तो जे पाहतो ते बहुतांशी कौटुंबिक, रडवणारं आणि मधेच लावणीने सैल होणारं नाटक. दंडार आणि खडी गंमत ही इथली जुनी लोकनाट्याची रूपं, दोन-चार माणसांत, नेपथ्यावाचून सगळं गाव उभं करणारी. रंगीत पडद्यांच्या हौसेत ती मागे पडली. पॅरिसच्या मंडळींनी खटपट करून जे मिळवलं ते इथे होतंच, आणि आपण ते अडाण्यांचं म्हणून बाजूला सारलं.

‘खुर्च्या’त काय आहे? पंचाण्णव वर्षांचा म्हातारा, चौऱ्याण्णवची म्हातारी. पाहुणे येतात, पण दिसत नाहीत. म्हातारी धावत धावत खुर्च्या आणते, म्हातारा रिकाम्या जागेला वाकून नमस्कार करतो, गर्दीत दोघांना एकमेकांपर्यंत पोचता येत नाही. शेवटी सम्राटही येतो, तोही अदृश्य. मग दोघं खिडक्यांतून उड्या टाकतात आणि त्यांचा संदेश सांगायला ठेवलेला वक्ता निघतो मुका-बहिरा.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे समजणार नाही, हे शहरी गृहीतक मला मान्य नाही. इथल्या नाटकाचं पत्रक बघा : उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी अशी नावांची रांग, आणि नाटकाचं नाव त्यात शोधावं लागतं. मंचावर आधी खुर्च्या मांडल्या जातात, त्यांवर बसायचे ते वेळेवर येतीलच असं नाही, आणि लोक थंडीत कांबळी पांघरून वाट पाहतात. आयनेस्को त्यांना शिकवावा लागणार नाही.

अडचण वेगळीच आहे. हा एकांक तासा-दीड तासाचा. तिकीट काढून आलेल्याला रात्र हवी असते आणि मंडळाला वर्गणीचा हिशेब द्यायचा असतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या चंद्रपूर केंद्रावर प्रायोगिक नाटक करणं सोपं, पण तिथला प्रेक्षक निराळा. शिवाय कंपनीला गाणी हवीत. दोन म्हाताऱ्यांवर कोण पैसे लावणार?

तरी एक करून बघता येईल. मुख्य नाटकाच्या आधी, सत्काराच्याच वेळेत, झाडीबोलीतला ‘खुर्च्या’ लावावा. म्हातारा-म्हातारीच्या भूमिका दंडारीत मुरलेल्या नटांना द्याव्यात, आणि उद्घाटकांना त्या रात्री खाली, प्रेक्षकांत बसवावं. त्यांची समजूत मंडळाने घालावी; अनुवादापेक्षा तेच काम अवघड जाईल.