ऑर्टेगाच्या शिकाऱ्याची शिदोरी

सात दिवसांच्या शिकारीला एकटा निघालेला माणूस पाठीवर काय घेऊन जातो, हा प्रश्न आज आम्ही एका मोठ्या तत्त्वज्ञाला विचारणार आहोत. होसे ऑर्टेगा ई गासेत हा स्पॅनिश विचारवंत. 1942 साली लिस्बनला असताना त्याने आपल्या एका मित्राच्या, येबेसच्या काउंटच्या, शिकारीवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. प्रस्तावना एवढी वाढली की पुढे ती स्वतंत्र पुस्तक म्हणूनच वाचली जाऊ लागली. इंग्रजीत ती 'मेडिटेशन्स ऑन हंटिंग' या नावाने 1972 साली न्यूयॉर्कला निघाली. आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदाही 1972चाच! योगायोग आहे, पण त्यामुळे झालं असं, की हे पुस्तक आमच्या हाती आलं तेव्हा आपल्या देशात शिकार ही गोष्ट कायद्याने संपलेली होती. आम्ही ते शुद्ध वैचारिक ग्रंथ म्हणून वाचलं आणि तसंच शिकवलं. तिथेच आमची चूक झाली.

ऑर्टेगा काय म्हणतो ते आधी नीट मांडू, कारण माणूस हलका नाही. आधुनिक माणूस इतिहासाच्या, कामाच्या, सामाजिक जबाबदाऱ्यांच्या ओझ्याखाली असतो. शिकार ही त्याला मिळणारी सुट्टी आहे, आणि ही सुट्टी नुसत्या नोकरीपासूनची नव्हे, माणूसपणाच्या या साऱ्या अटींपासूनची आहे. डोंगरात शिकारी काही काळ अश्मयुगीन माणूस होतो, जनावरासारखा सावध होतो. ही सावधानता हा निबंधाचा कळस. शेवटी तो तत्त्वज्ञालाही याच सावध माणसाच्या शेजारी नेऊन बसवतो. आणखी एक मुद्दा आहे, तो आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. माणसाकडे शस्त्र इतकं प्रबळ आहे की त्याने सगळं वापरलं तर शिकार उरणारच नाही, नुसता संहार उरेल. म्हणून खरा शिकारी आपण होऊन स्वतःच्या शस्त्राला मर्यादा घालतो, जनावराला निसटायची संधी ठेवतो.

छान आहे. आता सॅक उघडू या.

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सप्टेंबर महिन्यात एल्क नावाच्या मोठ्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार चालते. बंदूक असताना धनुष्य घ्यायचं, म्हणजे ऑर्टेगाचा आदर्श शिष्यच म्हणा ना. गाडी रस्त्याच्या टोकाला ठेवायची आणि पाच, सात, दहा दिवस पायी आत जायचं. उंची अडीच-तीन हजार मीटर, दिवसभर चढउतार. असा माणूस दिवसाला चार हजार उष्मांक सहज जाळतो. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार उष्मांक देतात, चरबी नऊ देते. म्हणून ही मंडळी शिदोरी पोटाच्या हिशेबाने भरत नाहीत, वजनाच्या हिशेबाने भरतात. बदाम, शेंगदाण्याचं लोणी, चीज, ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली, आणि रात्रीसाठी गोठवून वाळवलेल्या जेवणाचं पाकीट, ज्यात उकळतं पाणी ओतलं की झालं. सरासरी ग्रॅमला पाच उष्मांक साधले तर दिवसाचे आठशे ग्रॅम झाले. सात दिवसांचे साडेपाच किलोच्या वर. प्रत्येक दिवसाचं अन्न वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतात, म्हणजे तिसऱ्या दिवशी पाचव्या दिवसाचा घास खाल्ला जात नाही.

त्या पाकिटाकडे जरा बघा. गोठवून वाळवण्याची ही रीत मोठ्या प्रमाणावर वाढली ती दुसऱ्या महायुद्धात, जखमी सैनिकांसाठी रक्तद्रव टिकवून दूर पाठवायचा होता म्हणून. मग तिच्यातून कॉफी आली, व्हिएतनामच्या जंगलातल्या टेहळ्या तुकड्यांचं रेशन आलं, अंतराळवीरांचं जेवण आलं. इतिहासापासून सुट्टी घेतलेला आपला शिकारी रात्री तंबूपाशी बसून विसाव्या शतकाचा अर्धा इतिहास चमच्याने खातो! शस्त्राला त्याने मर्यादा घातली, शिदोरीला कुठली घातली? सगळा कारखाना तो पाठीवर घेऊन आलाय. ऑर्टेगाच्या युक्तिवादात बंदुकीला जागा आहे, कुत्र्याला आहे, डोंगराला आहे. शिदोरीला नाही.

कोणी म्हणेल, हे आजच्या माणसाचं झालं; अश्मयुगीन माणूस तर शिकारीवरच जगत होता. हा समज फार पसरलेला आहे, आणि तो पुरता खरा नाही. जंगली जनावराचं मांस बहुधा कमी चरबीचं असतं. नुसतं तेच खाल्लं तर पोट भरलेलं असतानाही माणूस आजारी पडतो, जुलाब, मळमळ, गळाठा. उत्तर अमेरिकेत याला सशांची उपासमार म्हणत, कारण सशाच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच. आर्क्टिकमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या स्टेफान्सनने 1928 साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली केवळ मांसाहार करून दाखवला. त्यात सुरुवातीला त्याला चरबी काढलेलं मांस दिलं, तर तो काही दिवसांतच आजारी पडला. चरबी दिली तेव्हा सावरला. यकृताला प्रथिनं पचवायची एक सीमा आहे, तिच्यापुढे तत्त्वज्ञान चालत नाही.

तिथल्या मूळ रहिवाशांना हे पक्कं माहीत होतं. त्यांची शिदोरी म्हणजे पेमिकन. बायसनचं मांस पातळ पट्ट्या कापून वाळवायचं, कुटून भुगा करायचा, त्यात साधारण तेवढ्याच वजनाची वितळवलेली चरबी ओतायची, कधी रानातली बोरंबिरं घालायची, आणि कातड्याच्या पिशवीत दाबून भरायचं. क्री भाषेतल्या या शब्दाच्या मुळाशी चरबीचाच शब्द आहे. त्यावर कॅनडातला फरचा सगळा व्यापार उभा होता, इतका की 1814 साली रेड रिव्हर वसाहतीच्या गव्हर्नरने पेमिकन बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि त्यावरून रक्तपात झाला. आता हे मांस वाळवणं, कुटणं, चरबी कढवणं कोण करत होतं? बहुतेक करून बायका. तेव्हा ज्याला ऑर्टेगा एकटा, सावध, आदिम शिकारी म्हणतो, त्याच्याही पिशवीत दुसऱ्या कोणाचे तरी हात होते.

इथे एक कबुली द्यायला हवी. हा निबंध आम्ही वर्गात कित्येक वर्षं शिकवला. सावधानतेवर मोठं रसाळ बोलायचो. मधल्या सुट्टीत घरून आणलेला डबा उघडायचो. पोळी, भाजी, वर छोट्या डबीत लोणचं. तो सकाळी सहाला कोण उठून भरत होतं, हे त्या सावधानतेत एकदाही आलं नाही.

असो. पाण्याकडे येऊ, कारण तिथे ऑर्टेगाला थोडा न्यायही द्यावा लागेल.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दिवसाला चार लिटर धरलं तर सात दिवसांचं अठ्ठावीस किलो. अन्न वाळवून हलकं करता येतं. पाणी वाळवता येत नाही. ते तिथेच शोधावं लागतं. म्हणजे अन्न माणसाला शहराशी बांधून ठेवतं, आणि पाणी त्याला त्या जागेच्या स्वाधीन करतं. नकाशावर निळी रेघ असते आणि सप्टेंबरात तिथे कोरडे दगड असतात. आपल्याकडे मे महिन्यात गडावरच्या टाक्यापाशी पोचून तळाला हिरवा गाळ बघितलेल्यांना हे सांगायला नको. बरं, पाणी मिळालं तरी नितळ म्हणजे निर्धोक नव्हे. त्यात जिआर्डिया असतो, आठवडाभराने पोट पिळवटून काढतो. उकळायचं तर दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळा उकळावं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. फिल्टर असेल तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. आतल्या बारीक नळ्या एकदा गोठल्या की फुटतात, आणि फुटल्या हे बाहेरून कळतही नाही. आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं, मीठ पोटात गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष विचलित व्हायला लागतं. साठ किलोच्या माणसाचं सव्वा लिटर. म्हणजे ऑर्टेगाची ती सावधानता सव्वा लिटरवर उभी आहे! पण बघा, याच पाण्यावर एल्कही येतं. माजावर आलेले नर चिखलाच्या डबक्यात लोळतात, मूत्राच्या वासाने माखून घेतात. शिकाऱ्याने पाण्यालगत तंबू ठोकला तर माणसाचा वास दरीभर जातो आणि जनावर दिसत नाही. म्हणून तो वर कोरड्या धारेवर राहतो, पाण्यासाठी खाली उतरतो, वारा बघून उतरतो. तहान आणि सावधानता इथे खरोखरच एक होतात. ऑर्टेगाने जे शोधलं ते या वाटेवर आहे, असं आम्ही मान्य करतो. त्याने पाण्याचं नाव घेतलं असतं तर त्याचा युक्तिवाद बळकटच झाला असता.

शेवटचा आक्षेप मात्र मागे घेता येत नाही. ऑर्टेगाच्या मांडणीत जनावराचं मरण हा शिकारीचा तार्किक शेवट आहे. त्यानेच मागचं सगळं खरं ठरतं. सॅक भरणारा माणूस असं मानत नाही. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस शंभर किलोच्या आसपास भरतं. गाडी आठ किलोमीटर दूर. एका खेपेला तीस किलो म्हटलं तर चार खेपा, जाऊन येऊन छप्पन्न किलोमीटर. तोवर मांस सावलीत टांगून थंड ठेवायचं, माश्यांपासून जपायचं, अस्वलांच्या मुलखात तंबूपासून लांब. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथल्या अनेक राज्यांत गुन्हा आहे. म्हणून निघतानाच शिदोरीत दोन दिवसांचं जास्तीचं अन्न असतं, बाण सुटल्यानंतरच्या दिवसांचं. ज्याच्याकडे ते उरलेलं नाही, त्याने समोर एल्क उभं असलं तरी बाण सोडू नये, असं जाणते शिकारी मानतात. स्वतःवर घातलेली मर्यादा ऑर्टेगा शस्त्रात शोधत होता. ती इथे आहे, सहाव्या आणि सातव्या दिवसाच्या न उघडलेल्या पिशव्यांत.

थांबतो. घशाला कोरड पडली आहे. कोणीतरी पाणी द्या, मग प्रश्न घेऊ.